'सदृश' या संज्ञेचे शास्त्रीय अर्थ : जीवशास्त्र, रसायन, वैद्यक व दंतवैद्यक

एकच संज्ञा निरनिराळ्या शास्त्रांत निरनिराळ्या अर्थांनी रूढ होणे ही गोष्ट नवीन नाही. परंतु ते अर्थ परस्परांच्या इतके जवळ असतात की त्यांतील भेद सहसा लक्षात येत नाही, तेव्हा विचारात घोटाळा उत्पन्न होतो. आणि संज्ञा औषधोपचाराशी निगडित असेल, तर तो घोटाळा विचारापुरता मर्यादित राहत नाही. 'ॲनालॉग' ही अशीच एक संज्ञा होय. मराठीत तिच्यासाठी सदृश, समधर्मी, अनुरूप, समवृत्ती असे अनेक शब्द योजले जातात. त्यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा याचा निर्णय करावयाचा, तर प्रथम त्या त्या शास्त्राला या संज्ञेने काय सांगावयाचे असते ते पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखे एखादे गाव घेतले, तरी त्याच्या शिवारापासून रुग्णालयापर्यंतच्या परिघात या संज्ञेचे सर्व अर्थ भेटू शकतात. माळावरील निवडुंग, गरोदर स्त्रीला मिळणारी लोह व फॉलिक अम्लाची गोळी, संधिवाताच्या रुग्णाने आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी, मधुमेह्याचे इन्सुलिन आणि पडलेल्या दाताच्या जागी बसवावयाचे रोपण, या सर्वांच्या वर्णनात 'सदृश' हा शब्द येतो. मात्र प्रत्येक ठिकाणी तो निराळे काही सांगत असतो.

१. संज्ञेचे मूळ

'ॲनालॉग' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ 'प्रमाणास धरून असलेले' असा आहे. ग्रीक गणितात ही कल्पना चार राशींची होती : पहिल्या राशीचे दुसरीशी जे नाते, तेच तिसरीचे चौथीशी. युक्लिडच्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात या प्रमाणांचा सिद्धान्त आला आहे. येथे साम्य वस्तूंचे नसून नात्यांचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भारतीय परंपरेत नैयायिकांनी उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण गवयाचे. ज्याने गवय कधी पाहिलेला नाही अशा माणसास तो गाईसारखा असतो असे सांगितले जाते. पुढे वनात तसा प्राणी दिसताच तो त्यास ओळखतो. सादृश्याची जी व्याख्या या परंपरेत रूढ झाली तिचा आशय असा की, जी वस्तू दुसरीहून भिन्न असून तिचे बहुतेक धर्म धारण करते ती तिच्याशी सदृश होय. या व्याख्येत भिन्नत्व हा आनुषंगिक भाग नसून अट आहे. गाय गाईशी सदृश नसते, ती गायच असते. भेद नसेल तर सादृश्य नाही, अभेद आहे.

या दोन परंपरांवरून कोणत्याही सदृश वस्तूविषयी तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, साम्य कोणत्या बाबतीत आहे? दुसरा, भेद कोणत्या बाबतीत आहे? आणि तिसरा, हे साम्य कोणाच्या परीक्षेला उतरले आहे? तिसऱ्या प्रश्नाकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. परंतु आधुनिक शास्त्रांत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

२. जीवशास्त्र : कार्य एक, कुळे दोन

जीवशास्त्रात या संज्ञेला निश्चित अर्थ रिचर्ड ओवेन या इंग्रज शारीरविज्ञाने १८४३ मध्ये दिला. दोन भिन्न प्राण्यांतील जे अवयव एकच कार्य करतात त्यांना त्याने सदृश म्हटले. रूप व कार्य कितीही निराळे असले तरी मुळात जो एकच अवयव असतो त्यास त्याने समजात ठरविले. पुढे उत्क्रांतिवादाने या भेदास वंशाचा आधार दिला. समजात अवयव समान पूर्वजाकडून आलेले असतात. सदृश अवयव भिन्न वंशांत सारख्या गरजेपोटी स्वतंत्रपणे घडलेले असतात. फुलपाखराचा पंख व वटवाघळाचा पंख दोन्ही उडण्याच्या कामी येतात, पण पहिल्यात हाड नाही आणि दुसरा म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली त्वचा आहे.

वटवाघूळ व पक्षी यांची तुलना अधिक बोधप्रद आहे. पूर्वपाद म्हणून दोघांचे हे अवयव समजात आहेत, कारण चतुष्पाद पूर्वजाच्या पुढच्या पायापासूनच ते आले. पंख म्हणून मात्र ते केवळ सदृश आहेत, कारण त्या पूर्वजास पंख नव्हते. उड्डाण दोन्ही वंशांनी स्वतंत्रपणे साधले. म्हणजे एकच जोडी एका बाबतीत समजात व दुसऱ्या बाबतीत सदृश असू शकते. 'कोणत्या बाबतीत?' हा प्रश्न गाळला, तर दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटतील.

वनस्पतिसृष्टीतील उदाहरण मराठी भाषेनेच जपून ठेवले आहे. दख्खनच्या कोरड्या माळरानावर 'निवडुंग' या एका नावाने दोन सर्वस्वी भिन्न कुळांतील झाडे ओळखली जातात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतील, कॅक्टस कुळातला. त्रिधारी निवडुंग येथलाच, एरंडाच्या कुळातला. दोन्हींची खोडे हिरवी व मांसल, पाणी साठवणारी, दोन्हींना काटे, दोन्हींत पाने नावापुरतीच. परंतु फड्याचे काटे हे पानांचे रूपांतर आहे, तर त्रिधारीचे काटे पानाच्या तळाशी असणाऱ्या उपपर्णांच्या जागी जोडीने येतात. त्रिधारीचे खोड कापले की दाहक पांढरा चीक वाहतो. फड्यात तसा चीक नसतो. फुलांची रचना पाहिली, तर संशयास जागाच राहत नाही. शेतकऱ्याने कुंपणाच्या उपयोगावरून दोघांना एक नाव दिले, आणि कुंपणापुरते ते बरोबरच आहे.

निसर्गातील परीक्षक मात्र या नावाने फसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, लाल रंग देणारा कोचिनील कीटक म्हणून एक कीटक भारतात आणला गेला. तो खऱ्या रंगदायी कीटकासारखा दिसणारा, पण निराळ्या जातीचा होता. त्याच्यापासून रंग चांगला मिळाला नाही. उलट, ज्यावर तो वाढला त्या जातीचा फड्या निवडुंग त्याने मोठ्या प्रमाणावर नष्ट केला. पुढे १९२६ मध्ये याच वर्गातील दुसरी जाती फड्याच्या दुसऱ्या एका उपद्रवी जातीच्या नियंत्रणासाठी श्रीलंकेतून मुद्दाम आणण्यात आली आणि तो प्रयोग यशस्वी झाला. त्रिधारी निवडुंगाकडे हे कीटक वळले नाहीत. डोळ्यास जे सादृश्य पुरेसे वाटले ते कीटकास पुरेसे वाटले नाही.

३. रसायनशास्त्र : रचना एक, कार्ये दोन

रसायनशास्त्रात संज्ञेचा रोख बदलतो. येथे सदृश म्हणजे ज्याची रचना दुसऱ्या द्रव्यासारखी असून एखादा अणू किंवा अणुगट तेवढा बदललेला आहे असे द्रव्य. मूलद्रव्यांच्या बाबतीत हीच दृष्टी मेंडेलेएव्हने आवर्त सारणीत वापरली. १८७१ मध्ये त्याने अज्ञात मूलद्रव्यांची भाकिते करताना त्यांना संस्कृत 'एक' हा उपसर्ग लावला. एक-ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियमच्या खालच्या पहिल्या घरातील त्याचे सदृश मूलद्रव्य. १८७५ मध्ये गॅलियम व १८८६ मध्ये जर्मेनियम सापडल्यावर ही भाकिते खरी ठरली. सारणीतील स्थानांचे प्रमाण जुळविणे हाच या युक्तिवादाचा गाभा होता. येथे ग्रीक अर्थ जवळजवळ जसाच्या तसा टिकून आहे.

सेंद्रिय व जैव रसायनात मात्र सदृश द्रव्याचे महत्त्व त्याच्या फसवेपणात आहे. शरीरातील एंझाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, आपले द्रव्य आकार व विद्युत्‌भार यांवरून ओळखतात. या दोहोंत पुरेसे साम्य असले की एंझाइम सदृश द्रव्याचा स्वीकार करते. पण त्यातील बदललेल्या अणुगटामुळे पुढची क्रिया घडत नाही. साम्यामुळे प्रवेश मिळतो आणि भेदामुळे परिणाम घडतो. या एका वाक्यात आधुनिक औषधनिर्मितीचा फार मोठा भाग सामावलेला आहे.

येथे जीवशास्त्राशी असलेला विरोध स्पष्ट होतो. जीवशास्त्रात कार्याचे साम्य व रचनेचा भेद असला की अवयव सदृश म्हणावयाचे. रसायनात रचनेचे साम्य असले की द्रव्य सदृश म्हणावयाचे, मग त्याचे कार्य मूळ द्रव्याच्या उलट का असेना. एकाच संज्ञेने दोन शास्त्रांत जवळजवळ उलट गोष्टी सांगितल्या जातात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ही दोन्ही शास्त्रे शेजारी शिकविली जात असल्याने हा भेद आरंभीच सांगणे अगत्याचे आहे.

४. वैद्यक : मुंबईत आरंभ झालेली एक परंपरा

सदृश द्रव्यांच्या वैद्यकीय इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा आरंभ महाराष्ट्रात झाला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज वैद्यक संशोधिका मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत गरोदरपणी एक तीव्र रक्तक्षय आढळत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या असत. तिने या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकास काही काळ 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविलेल्या द्रव्यास, पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, फॉलिक अम्ल हे नाव मिळाले. आणि १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील रसायनज्ञांनी त्याचे संश्लेषण प्रसिद्ध केले. गरोदर स्त्रियांना आज जी लोहाची गोळी दिली जाते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. मुंबईतील गिरणकामगार स्त्रियांपासून निघालेला हा धागा अशा रीतीने सास्तूरपर्यंत येऊन पोहोचतो.

फॉलिक अम्लाचा रेणू तीन भागांचा असतो : टेरिन, पॅरा-अमिनोबेंझोइक अम्ल व ग्लुटामिक अम्ल. सल्फा औषधांचे रहस्य यांतील मधल्या भागात आहे. सल्फानिलामाइड हे या मधल्या भागाचे सदृश द्रव्य होय, हे १९४० मध्ये डोनाल्ड वुड्सच्या संशोधनावरून ध्यानात आले. अनेक सूक्ष्मजंतू आपले फॉलिक अम्ल स्वतःच तयार करतात. ते करणारे एंझाइम पॅरा-अमिनोबेंझोइक अम्लाऐवजी सल्फानिलामाइड धरून बसते आणि जंतूची वाढ खुंटते. मनुष्य फॉलिक अम्ल अन्नातून घेतो. त्याच्या शरीरात हे एंझाइमच नाही, म्हणून तेथे फसण्यास कोणी नाही. याच गटातील सल्फाथायझोल प्लेगवर उपयुक्त ठरते हे दाखविणारे काम मुंबईच्या हाफकिन संस्थेत, साहिबसिंग सोखी संचालक असताना, १९४० च्या सुमारास झाले.

दुसरा अध्याय संपूर्ण रेणूच्या सदृशाचा आहे. फॉलिक अम्लाने बालकांतील रक्ताचा कर्करोग बळावतो असे अमेरिकन वैद्य सिडनी फार्बर यास आढळले. तेव्हा त्याच्या विरोधी द्रव्याने तो आवरता येईल, असा तर्क पुढे आला. सुब्बाराव यांच्या गटाने अमिनोप्टेरिन तयार केले. फॉलिक अम्लाच्या टेरिन भागावरील ऑक्सिजनयुक्त गटाऐवजी तेथे अमिनो गट आहे. बाकी सर्व रचना तीच. १९४८ मध्ये फार्बरने सोळा बालकांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहांना तात्पुरता उतार पडला होता. मेथोट्रेक्सेट हे याच कुळातले. त्यात एक मेथिल गट अधिक आहे. फॉलिक अम्लास क्रियाशील रूप देणारे जे एंझाइम आहे त्यास मेथोट्रेक्सेट मूळ द्रव्याहून सुमारे हजार पट घट्ट चिकटते. नक्कल अस्सलाहून अधिक आवडावी आणि त्या आवडीमुळेच पेशीची वाढ थांबावी, असा हा प्रकार आहे.

यातील विरोध विलक्षण आहे. ज्या द्रव्याचा शोध गरोदर स्त्रीच्या रक्षणासाठी लागला, त्याचे सदृश द्रव्य गर्भास इतके घातक आहे की गरोदरपणात ते वर्ज्य मानतात. सादृश्य जितके निकटचे तितके परिणामही जवळचे असतील, ही सामान्य समजूत येथे पूर्णतः खोटी ठरते.

याच तत्त्वावर विषाणूंविरुद्धची औषधे उभी आहेत. जेरोम हॉरविट्झने १९६४ मध्ये तयार केलेले झिडोव्हुडिन हे थायमिडिन या डी.एन.ए.च्या घटकाचे सदृश द्रव्य आहे. पुढचा घटक ज्या हायड्रॉक्सिल गटास जोडला जातो त्या गटाच्या जागी येथे ॲझाइड गट असल्याने साखळी तेथेच तुटते. एड्‌सवरील औषध म्हणून त्यास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन व नेव्हिरापिन या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सीमाविरहित वैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेस ३५० डॉलरांत देऊ केला. तोपर्यंत श्रीमंत देशांत यास वर्षाला दहा हजार डॉलरांच्या आसपास खर्च येत असे. यांतील पहिली दोन औषधे सदृश द्रव्ये आहेत. परंतु परीक्षकाचा प्रश्न येथेही सुटला नाही. स्टॅव्हुडिनला विषाणूच्या एंझाइमाप्रमाणेच मनुष्याच्या पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचे एंझाइमही काही अंशी फसते. त्यामुळे चेताविकार, चरबीची विकृती असे दुष्परिणाम दीर्घकाळात दिसून आले, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली.

५. नक्कल, सदृश व दिसण्याचे साम्य

वैद्यकात 'सदृश' व 'नक्कल' या कल्पनाही अलग ठेवाव्या लागतात. मुंबईच्या वोखार्ड कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणलेले इन्सुलिन जंतूंकडून जनुकतंत्राने करवून घेतलेले असले, तरी त्याची रचना मानवी इन्सुलिनचीच होती. ते सदृश नव्हे. १९९६ मध्ये उपयोगात आलेले लिस्प्रो हे मात्र सदृश इन्सुलिन होय. त्यात एका साखळीच्या शेवटाकडील प्रोलिन व लायसिन या दोन अमिनो अम्लांची अदलाबदल केलेली आहे. तेवढ्याने रेणूंचे एकमेकांस चिकटून राहणे कमी होते आणि औषध लवकर कामास लागते. ग्लार्जिनमधील फेरफार उलट दिशेचे. ते त्वचेखाली साठून राहून सावकाश पाझरते. दोहोंचा ग्राही, म्हणजे पेशीवरील स्वीकारस्थान, मानवी इन्सुलिनचेच आहे. भेद केवळ गतीचा आहे. मेथोट्रेक्सेट मूळ द्रव्याचे काम अडविते, सदृश इन्सुलिन मूळ द्रव्याचेच काम करते. दोहोंना 'सदृश' म्हणतात, म्हणून नुसत्या त्या शब्दावरून औषध साहाय्यक की विरोधी हे कळत नाही.

दिसण्याचे व नावाचे साम्य हा तिसरा प्रकार. त्याला रसायनात अर्थ नाही. रुग्णशय्येजवळ मात्र फार मोठा अर्थ आहे. संधिवाताच्या एका दीर्घकालीन प्रकारात मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत आठवड्यातून एकदाच देतात, आणि त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून फॉलिक अम्लाची गोळीही देतात. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान व पिवळ्या असतात. साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय अशी विषबाधा झाल्यावर द्यावयाचे औषध फॉलिक अम्ल नव्हे, तर फॉलिनिक अम्ल. कारण मेथोट्रेक्सेटने जे एंझाइम अडविलेले असते त्याची गरज फॉलिक अम्लास असते, फॉलिनिक अम्लास नसते. एका अक्षराच्या या भेदावर जीवनमरण अवलंबून राहू शकते. ज्या रुग्णास अक्षरओळख बेताची आहे, त्यास 'सोमवारची गोळी' व 'रोजची गोळी' असा भेद करून देणे हे सादृश्याच्या शास्त्राचेच व्यावहारिक अंग होय.

६. दंतवैद्यक : तोंडाबाहेरील प्रतिनिधी

दंतवैद्यकात ही संज्ञा दोन वाटांनी येते. पहिली वाट रसायनाची. दातावरील कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे असते. त्यातील हायड्रॉक्सिल आयनाच्या जागी फ्लुओराइड आयन बसू शकतो, कारण दोहोंचा भार सारखाच व आकार जवळजवळ सारखा असतो. या बदलाने खनिज अम्लास अधिक दाद देईनासे होते आणि दात किडण्यास प्रतिबंध होतो. परंतु लहानपणी दात घडत असताना पाण्यातून फ्लुओराइड जास्त गेले, तर दंतवल्काची घडणच बिघडते व दातांवर डाग पडतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात हा प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लुओराइड ही इष्ट मर्यादा असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकच आयन मात्रेनुसार रक्षक व घातक ठरतो. साम्य बदलत नाही, परिस्थिती बदलते.

दुसरी वाट यांत्रिक आहे, आणि दंतवैद्य 'ॲनालॉग' म्हणतो तेव्हा बहुधा त्यास हाच अर्थ अभिप्रेत असतो. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे रोपण बसविण्याची पद्धत स्वीडनच्या ब्रोनेमार्कने १९६५ पासून मनुष्यावर यशस्वी केली. हाड या धातूशी घट्ट सांधले जाते. त्यावर बसवावयाची कॅप प्रयोगशाळेत तयार होते. रुग्णाचा जबडा काही तेथे नेता येत नाही. म्हणून रोपणास एक जोडभाग लावून तोंडाचा ठसा घेतात, आणि ठशातील त्या जोडभागास धातूचा एक तुकडा जोडून वर प्लास्टर ओततात. प्लास्टरच्या जबड्यात हा तुकडा रोपणाचे नेमके स्थान, दिशा व माथ्याची जोडणी दाखवितो. या तुकड्यास 'ॲनालॉग' म्हणतात.

हा तुकडा हाडात कधीच जात नाही. तो शरीरास मानवणारा असण्याचे कारण नाही. त्याच्या अंगाचे आटे रोपणासारखे असण्याचीही गरज नाही. साम्य हवे ते केवळ स्थान व जोडणी यांचे. पण त्यात तडजोड चालत नाही. नैसर्गिक दात मुळाभोवतीच्या तंतूंमुळे किंचित हलू शकतो आणि लहानशी चूक सामावून घेतो. हाडात सांधलेले रोपण तसे करू शकत नाही. तुकडा वेगळ्या व्यासाचा निवडला किंवा ठशात तो किंचित फिरला, तर प्लास्टरवर उत्तम बसणारी कॅप तोंडात बसत नाही, अथवा बळाने बसविल्यास स्क्रूवर सतत ताण राहतो. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या जबड्यांसाठी 'डिजिटल ॲनालॉग' मिळतात. घड्याळाच्या संदर्भात हे दोन शब्द परस्परविरुद्ध आहेत. येथे ते एकत्र नांदतात, कारण येथे 'ॲनालॉग' म्हणजे काटे फिरणारे यंत्र नसून प्रतिनिधी आहे.

७. सादृश्यावरून अनुमान

आतापर्यंत सदृश वस्तूंचा विचार झाला. शास्त्रज्ञ सादृश्यावरून अनुमानही करतो, आणि तेथेही तेच तीन प्रश्न लागू पडतात. ल्युसी विल्सने प्रथम उंदरांवर प्रयोग केले. रुग्ण स्त्रियांसारखा निकृष्ट आहार दिलेल्या उंदरांना रक्तक्षय झाला, पण त्या रक्तक्षयास उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतुसंसर्गाचा हातभार होता, असे पुढे आढळले. लक्षण सारखे होते, कारण निराळे होते. त्यानंतर माकडांवरील प्रयोगांतून यीस्टच्या अर्काचा गुण निश्चित झाला. उंदीर हा मनुष्याचा प्रतिनिधी म्हणून घेताना कोणत्या बाबतीत तो प्रतिनिधी आहे, हे तपासणे किती आवश्यक असते ते यावरून दिसते.

सास्तूरच्या परिसराने अशाच एका अनुमानाचा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. सास्तूर हेही उद्ध्वस्त गावांपैकी एक. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध तेथील जलाशयाशी जोडला गेला असल्याने, किल्लारीनंतर काही अभ्यासकांनी जवळच्या माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाकडे बोट दाखविले. साम्य होते : दख्खनचा बेसाल्ट, नवा जलाशय व त्यानंतरचा भूकंप. भेदही होते : कोयनेचा जलाशय कितीतरी खोल व मोठा आहे, आणि तेथे धक्क्यांची मालिका दशकानुदशके चालू राहिली. स्थिर मानलेल्या भूखंडातील जुन्या प्रस्तरभंगावर साठलेला ताण हे कारण अनेकांनी अधिक ग्राह्य मानले आहे. येथे निर्णयापेक्षा पद्धती महत्त्वाची. ज्यांची घरे पडली त्यांना 'कोयनेसारखेच' एवढे उत्तर पुरत नाही. कशात सारखे व कशात नाही, हे त्यांनाही सांगावयास हवे.

८. उपसंहार : परिभाषेचा प्रश्न

वरील विवेचनावरून असे दिसते की 'ॲनालॉग' या संज्ञेस सर्व शास्त्रांत चालेल असा एक मराठी प्रतिशब्द शोधणे इष्ट नाही. जीवशास्त्रात 'कार्यसदृश', रसायन व औषधशास्त्रात 'रचनासदृश', दंतवैद्यकातील धातूच्या तुकड्यास 'रोपण-प्रतिनिधी' अशी विशेषित रूपे योजल्यास, साम्य कोणत्या बाबतीत आहे हे संज्ञेतच सांगितले जाते. औषधांच्या बाबतीत त्यापुढे 'साहाय्यक' किंवा 'विरोधी' हा शब्द जोडला, तर इन्सुलिनचा सदृश व फॉलिक अम्लाचा सदृश यांत गल्लत होणार नाही.  इंग्रजीत पुष्कळदा एकच शब्द सर्वत्र चालतो आणि संदर्भावरून अर्थ लावावा लागतो. मराठीस समासाची शक्ती आहे, ती या कामी वापरावी.

परंतु शब्द कोणताही घेतला, तरी मूळ अट नैयायिकांनी घातलेलीच राहते : सदृश म्हणजे भिन्न. विद्यार्थ्याचे लक्ष स्वभावतः साम्याकडे जाते, कारण साम्यामुळेच ती वस्तू त्याच्या दृष्टीस पडते. शास्त्राचे काम त्यापुढे सुरू होते. फॉलिक अम्ल व मेथोट्रेक्सेट यांची सूत्रे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर जो एक अमिनो गट व जो एक मेथिल गट नजरेतून सहज निसटतो, तोच रुग्णाच्या शरीरात सर्व काही ठरवितो.